युद्धानंतर गावात खरेदीदार परत येतो तेव्हा

तुम्ही विचारलंय: "दापोलीहून कृषी पदवी घेतली. ऑक्टोबरमध्ये मोझांबिकच्या नामपुला प्रांतात एका प्रकल्पावर रुजू होतोय. शेजारच्या काबो देल्गादो प्रांतातल्या लढाईतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांना पुन्हा कमावतं करण्याचं काम आहे. युद्ध होऊन गेलेल्या देशात गरिबी कमी करायला सुरुवात कुठून करतात? रस्ते आधी, कर्ज आधी, की कारखाने आधी? तुम्ही तिथे काम केलंय, म्हणून विचारतो."

सांगते. मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. काजू बी फोडण्यापासून सुरुवात केली, पुढे प्रक्रिया केंद्र चालवलं, कामगारांना शिकवलं, कच्च्या बीची खरेदी केली. त्यातले २००३ ते २००७ हे चार हंगाम मी नामपुलात होते. तिथल्या नव्या काजू केंद्रांमध्ये बायकांना बी फोडायला आणि साल काढायला शिकवणं हे माझं काम. नंतरही दोनदा जाऊन आले. म्हणून माझं उत्तर खरेदीच्या काट्यापाशी उभं राहून दिलेलं असेल, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी खरेदीदार. शेतकऱ्याच्या घरापासून डोक्यावर ओझं घेऊन चालत जाता येईल एवढ्या अंतरावर त्याचा माल घेणारा माणूस, खरा काटा, बारदान आणि रोख पैसे. रस्ता हवा तो त्या माणसाचा ट्रक यावा म्हणून. कर्ज आधी त्याला हवं, शेतकऱ्याला त्यानंतर. कारखाना येतो तो त्याच्या मागून. मोझांबिकमध्ये ही गोष्ट उमगेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली आणि हजारो लोकांची कामं गेली.

तिथे नेमकं काय मोडलं होतं, ते आधी समजून घ्या. पोर्तुगीज अमलात गावोगाव एक दुकान असायचं, त्याला 'कांतिना' म्हणत. दुकानदार बहुधा पोर्तुगीज किंवा भारतीय वंशाचा. मीठ, साबण, कापड, रॉकेल, कुदळीचं पातं तो विकायचा आणि त्याच दारात काजू, मका, कापूस, शेंगदाणा विकत घ्यायचा. भावात तो शेतकऱ्याला नाडायचा, यात शंका नाही. पण देवघेव व्हायची ती त्याच्याच दारात. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं आणि देशाबाहेर काढलं. या जाळ्याला पहिला तडा गेला तो तेव्हा. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि दोन लाखांवर पोर्तुगीज थोड्याच काळात निघून गेले. दुकानदार गेले, ट्रकवाले गेले, मेकॅनिक गेले. शंभरातल्या नव्वदहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारने दुकानं स्वतः चालवून पाहिली, पण ती नीट चालली नाहीत.

मग युद्ध आलं. फ्रेलिमो या सत्ताधारी पक्षाचं सरकार एकीकडे. दुसरीकडे रेनामो ही बंडखोर संघटना, जिला आधी ऱ्होडेशियाने (आजचा झिंबाब्वे) आणि नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं. सोळा वर्षं हे चाललं. उपासमार धरून सुमारे दहा लाख माणसं गेली. दीड कोटीच्या आत लोकसंख्या असलेल्या देशातून १७ लाख लोक शेजारच्या देशांत निर्वासित झाले, त्यातले दहा लाखांवर एकट्या मलावीत. रेनामोने शाळा, दवाखाने जाळले, आणि त्यांच्याइतकंच गावातली दुकानं, पूल आणि रेल्वे लक्ष्य केली. हजारो दुकानं बंद पडली.

आपल्याला वाटतं, युद्धात शेती बुडाली म्हणून लोक गरीब झाले. नामपुलातल्या म्हाताऱ्या बायका मला वेगळं सांगायच्या. कसावा पिकत होता, काजूची झाडं फळत होती. पण बी गोळा करून करायचं काय? घ्यायला कोणी येत नाही. आणि कोणी आलाच आणि पैसे दिले, तर त्या पैशाचं करायचं काय? साबण नाही, मीठ नाही, कापड नाही. एकीने सांगितलं की त्या दिवसांत घरात एकच कापुलाना होती, म्हणजे त्यांची कमरेला गुंडाळायची छापील कापडाची वस्त्रं असतात ती. बाहेर जाताना आई ती नेसायची आणि ती परत येईपर्यंत थोरली मुलगी घरातच थांबायची. विकून काही मिळणार नसेल तर माणूस पोटापुरतं पिकवतो आणि थांबतो, त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात सर्वाधिक काजू बी पिकवणारा देश होता, वर्षाला २ लाख टनांच्या वर. युद्धाच्या काळात काही वर्षी बाजारात आलेली बी २०-३० हजार टनांवर घसरली. झाडं बहुतेक तीच होती.

४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांची मोठी तुकडी आली, तिच्यात आपले भारतीय सैनिकही होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये निवडणूक झाली. आणि लोक परत आले. कोणी ट्रकमधून, पण पुष्कळसे पायी, आपापल्या वाटेने. त्यांना बियाणं, कुदळ, कोयता असा संच दिला गेला. पाऊस बरा झाला. पेरणी झाली.

आता हे आकडे बघा. १९९६-९७ च्या पाहणीत ६९.४ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २००२-०३ मध्ये ते ५४.१ टक्क्यांवर आले. सहा वर्षांत पंधरा टक्क्यांची उतरण. जगभर कौतुक झालं. आम्ही तिथे काम करणारेही भारावून गेलो होतो. पण ती उतरण मुख्यतः शांततेनेच आणली होती. माणूस शेतावर परतला, वाट मोकळी झाली, शेजारच्या गावापर्यंत माल जाऊ लागला. ज्या देशात काहीच चालत नव्हतं तिथे थोडं चालू लागलं की आकडा झपाट्याने सुधारतो. तुमच्या प्रकल्पातही पहिल्या दोन वर्षांत आकडे छान दिसतील. ते कोणामुळे, हे तपासल्याशिवाय त्यावर पुढची योजना बांधू नका.

त्या काळात शांततेखेरीज जे खरोखर उपयोगी पडलं, त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सैनिकांना दिलेले रोख पैसे. दोन्ही बाजूंचे मिळून ९० हजारांहून अधिक लढवय्ये मोकळे झाले. तरुण, हातात कसब नाही, बंदूक तेवढी माहीत. त्यांना दोन वर्षं नियमित भत्ता मिळाला: पहिले सहा महिने सरकारकडून, पुढचे अठरा महिने देणगीदार देशांच्या निधीतून. आणि तो मिळायचा ज्याने त्याने निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेच्या शाखेत. पैसे घ्यायला त्याला राजधानीत बसून राहावं लागलं नाही, तो गावी गेला. शिवाय हे पैसे गावातच खर्च झाले. त्याने लग्न केलं, घर शाकारलं, सायकल घेतली. मीठ-साबण घेऊन कोणीतरी त्या गावात दुकान मांडायचं धाडस केलं, कारण महिन्या-दोन महिन्यांनी तिथे रोख येणार हे ठाऊक होतं. आणि एकदा दुकानदार बसला की तो काजूही घेऊ लागतो. प्रशिक्षणाच्या योजनाही होत्या, सुतारकाम, गवंडीकाम वगैरे. त्यांतून थोड्यांचं भलं झालं. पण गावात सुताराला काम देणाराच नसेल तर सुतारकाम शिकून तो करणार काय? आधी लोकांच्या हातात पैसा, मग कसबाला गिऱ्हाईक.

चर्चच्या पुढाकाराने १९९५ पासून आणखी एक काम झालं: बंदूक आणून द्या आणि बदल्यात कुदळ, शिवणयंत्र किंवा सायकल न्या. ते मला फार आवडतं. बंदूक देणाऱ्याला नुसता उपदेश मिळाला नाही, कमावण्याचं साधन मिळालं.

सुरुंगांबद्दल थोडक्यात. लढाई संपली तरी पायवाटेवर, पुलाखाली, विजेच्या खांबांभोवती सुरुंग होते. सुरुंग प्रत्यक्षात दहाच असले, तरी ते कुठे आहेत हे ठाऊक नसल्याने सगळं रान पडीक राहतं. टांझानियातल्या मोरोगोरोत शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर वास घेऊन सुरुंग शोधायचे. वजनाने हलके, पाय पडला तरी सुरुंग फुटत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, करारानंतर तेवीस वर्षांनी. तुम्ही जिथे जाताय तिथे वाट बदलण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारायची सवय लावून घ्या.

रस्त्यांचं म्हणाल, तर झांबेझी नदीवर काइया इथे पूल झाला तो २००९ मध्ये. तोवर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या हमरस्त्यावर फेरीबोट होती. उत्तरेत मका शिल्लक राहायचा आणि तो मलावीला जायचा. दक्षिणेत राजधानी मापुतो दक्षिण आफ्रिकेतून मका आणायचं. मोठा रस्ता लागतोच. पण माझ्या अनुभवात गावापासून हमरस्त्यापर्यंतचे पंधरा-वीस किलोमीटर जास्त निर्णायक ठरतात. खरेदीचा ट्रक डिसेंबरच्या पावसात तेवढ्यासाठी अडतो. जिथे एक मोरी बांधली तिथे तीन व्यापारी यायला लागलेले मी पाहिले आहेत, आणि दुसरा व्यापारी आला की पहिल्याचा भाव वाढतो.

जमिनीचा विषय तुम्ही विचारला नाही, पण तो टाळता येणार नाही. लाखो लोक दहा-दहा वर्षांनी परतले तेव्हा जमिनीवरून पुन्हा रक्तपात होईल अशी भीती होती. तसं फारसं झालं नाही. १९९७ च्या जमीन कायद्याने जमीन सरकारची ठेवली, पण रूढीने कसत आलेल्याचा किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे वहिवाट असलेल्याचा हक्क कागद नसतानाही मान्य केला. शेजाऱ्यांची तोंडी साक्षही चालते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पिढ्यान्पिढ्या कोर्टात जातात, त्यांना याचं मोल कळेल. आणि काजूची झाडं तर साक्षीला उभीच होती. झाड ज्याने लावलं त्याचं, असा तिथला रिवाज. लोक परत येऊन रान माजलेल्या मशांब्यात, म्हणजे आपल्या शेतात, आजोबाने लावलेलं झाड शोधायचे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: नामपुलातले माकुआ लोक मातृवंशीय आहेत. नवरा बायकोच्या गावी येतो, जमीन आईच्या घराण्यातून येते. आपल्या सवयीने नोंद करताना कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचं नाव लिहिलंत, तर तिचा पिढीजात हक्क तुम्ही एका फॉर्मने काढून घ्याल.

आता काजू. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

तिथेही काजूला 'काझू'च म्हणतात. आपला शब्द पोर्तुगिजांकडूनच आला, झाडही त्यांनीच ब्राझीलहून दोन्हीकडे नेलं. पण हंगाम वेगळा. आपल्याकडे बी पडते फेब्रुवारी ते मे, तिथे ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणून आपल्याकडची बी संपत आली की कोल्लमपासून गोव्यापर्यंतचे कारखाने आफ्रिकेच्या बीकडे बघतात. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हंगाम आणखी महत्त्वाचा. मका हाती येतो मार्च-एप्रिलमध्ये, त्याआधीचे डिसेंबर-जानेवारी हे उपासाचे महिने. कणगी रिकामी, शेतात निंदणी चालू. नेमक्या त्याच वेळी काजूचे पैसे येतात. रक्कम लहान असते, पण त्या दिवसांत पोराच्या पोटात काय जातं ते तिच्यावर ठरतं. वर्षाचं सरासरी उत्पन्न मोजणाऱ्या पाहणीत हे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कच्ची बी निर्यात करायला बंदी घातली होती, देशातले कारखाने चालावेत म्हणून. युद्ध संपत आलं तेव्हा देश कर्जात बुडालेला होता. जागतिक बँकेने अट घातली: निर्यात मोकळी करा, निर्यातीवरचा कर उतरवत न्या. कर २० टक्क्यांवरून १४ वर आला. युक्तिवाद असा की कारखाने अकार्यक्षम आहेत, त्यांना स्वस्त बी मिळावी म्हणून गरीब शेतकऱ्याचा भाव पाडला जातोय, निर्यात खुली झाली की भारताचे खरेदीदार चढे भाव देतील. युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. जुने कारखाने मोठमोठ्या यंत्रांचे होते, बी आपटून फोडायचे, तुकडा भरपूर पडायचा. पण ते १९९४-९५ मध्ये नुकतेच खासगी हातांत दिले होते, आणि नव्या मालकांना सावरायला वेळच मिळाला नाही. काही वर्षांत बहुतेक सगळे बंद पडले. सुमारे दहा हजार कामगारांतले बहुतेक घरी बसले, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या.

आणि शेतकऱ्याला काय मिळालं? अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हिशेब मांडला: काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला फार तर ५.३० डॉलर. बंदरावर भाव वाढला, तरी गावात घेणारा एकच असेल तर वाढलेला भाव वाटेतच जिरतो. शेतकऱ्याला बंदरावरचा भाव ठाऊक नाही, माल थांबवून ठेवायची ऐपत नाही, दुसरा खरेदीदार नाही. कराचा टक्का मापुतोत बदलला, पण गावातला काटा तोच राहिला. सुधारणा कागदावर बरोबर असूनही जमिनीवर का उतरत नाही, असं मला कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते. पुढे तिथल्या संसदेने कायदा करून कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांमध्ये आणला, तोवर मोठे कारखाने गंजून गेले होते.

२००१-०२ पासून नामपुलात वेगळा प्रयोग सुरू झाला. शहरातला राक्षसी कारखाना सोडून काजूच्या रानातच लहान केंद्र. बी वाफेवर उकडायची, सुकवायची आणि हाताने-पायाने चालवायच्या कटरवर एकेक फोडायची. म्हणजे सिंधुदुर्गात घरोघरी करतो तसंच. यंत्र स्वस्त, मोडलं तर गावात दुरुस्त होणारं, आणि अख्खा गर जास्त मिळतो. भाव अख्ख्या गराला आहे, पाकळीला कमी, तुकड्याला आणखी कमी. २००५-०६ पर्यंत अशी डझनावर केंद्रं झाली, काही हजार लोकांना काम मिळालं. लहान केंद्रांनी एकत्र येऊन निर्यातीची सामाईक कंपनी काढली, कारण परदेशातला गिऱ्हाईक दोन पोती घेत नाही, कंटेनर घेतो.

मला शिकवायला नेलं ते तेव्हा. माझ्यासमोर बसलेल्या बायका कारखान्यात कधी आलेल्याच नव्हत्या. शेंगदाणा सोलणारे हात चपळ होते, पण बीच्या टरफलातल्या तेलाने कातडी जळते हे त्यांना नवं. हाताला खोबरेल लावायचं, राख जवळ ठेवायची, कटरच्या पात्यात बी उभी कशी धरायची. भाषा येत नव्हती, हात धरूनच शिकवलं. पहिल्या महिन्यात निम्मा गर तुटायचा. सहाव्या महिन्यात त्यातल्या काही जणी माझ्यापेक्षा चांगलं फोडायला लागल्या.

पहिल्या पगाराचा दिवस मला आठवतो. जवळपास बँक नव्हती. रोकड नामपुला शहरातून पोत्यात भरून आणायची, तेव्हा एका डॉलरला वीस-पंचवीस हजार मेतिकाल पडायचे. २००६ च्या जुलैत सरकारने त्या चलनातली तीन शून्यं काढली, त्याआधीची ही गोष्ट. सुट्या नोटा मिळायच्या नाहीत. दोघी-तिघींना मिळून एक मोठी नोट द्यायची आणि त्यांनी ती मोडून वाटून घ्यायची, असं चालायचं. पुढच्या पगाराला केंद्राच्या फाटकाबाहेर आठ-दहा विक्रेते हजर: सुकी मासळी, साबण, कापुलाना, वह्या. त्या बायकांनी आपली भिशी लावली होती, तिकडे तिला 'शितिक' म्हणतात. पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम. एकीने घरावर पत्रा घातला, एकीने त्यातून स्वतःच छोटं दुकान मांडलं. नऊ-दहा वर्षांपूर्वी जिथे मीठ मिळत नव्हतं तिथे हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पण ही गोष्ट गोड करून सांगणं बरोबर नाही. पहिल्या हंगामात आमचं केंद्र चार महिने बंद राहिलं. कारण साधं: वर्षभर फोडायची बी तीन महिन्यांत विकत घ्यावी लागते, म्हणजे वर्षाचं भांडवल एकदम हवं. तिथल्या बँका वीस टक्क्यांहून जास्त व्याज घ्यायच्या आणि त्या दरानेही लहान उद्योगाला द्यायला तयार नव्हत्या. कच्ची बी निर्यात करणाऱ्यांकडे परदेशी, स्वस्त पैसा. नोव्हेंबरात त्यांचे ट्रक फिरायला लागले आणि आम्ही कर्जमंजुरीची वाट बघत बसलो. कर्ज आलं तेव्हा चांगली बी गेलेली होती, उरली ती भिजकी. बायकांना मे महिन्यात घरी पाठवावं लागलं. कोणाचा पगार थांबला की त्याचं पोर शाळेतून कसं निघतं हे मी तेव्हा पाहिलं. दुसऱ्या वर्षी एका मदतनिधीने बँकेला हमी दिली, सप्टेंबरातच पैसे हाती आले आणि केंद्र बारा महिने चाललं. म्हणून मी म्हणते, कर्ज द्यायचंच असेल तर आधी खरेदीदाराला आणि प्रक्रियावाल्याला, आणि तेही हंगामाच्या आधी. महिनाभर उशिरा आलेलं कर्ज कामाचं नाही.

सरकारने उलट बाजूने एक प्रयत्न केला होता. २००६ पासून दर जिल्ह्याला सत्तर लाख मेतिकाल, स्थानिक उद्योगांना कर्ज म्हणून. लोक त्याला 'सात मिलियन'च म्हणायचे. हेतू चांगला, पैसा खाली पोचवायचा. पण यादी ठरवणारे जिल्ह्यातले पुढारी, ओळखीच्यांना मिळालं, आणि परतफेड फारच थोडी झाली. ज्याने दळणाची गिरणी घेतली आणि दळायला गाव होतं, त्याचं चाललं.

मोठ्या उद्योगांबद्दल एवढंच. मापुतोजवळ २००० मध्ये अब्जावधी डॉलरचा अॅल्युमिनियम कारखाना सुरू झाला. निर्यातीचा आकडा एकदम फुगला, थेट नोकऱ्या मात्र जेमतेम हजारभर. १९९३ नंतर वीस वर्षं अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात-आठ टक्क्यांनी वाढत होती. तरी २००८-०९ च्या पाहणीत गरिबी ५४.७ टक्के निघाली, म्हणजे सहा वर्षं जिथल्या तिथे. हेक्टरी उत्पादन वाढलं नव्हतं, अन्न आणि इंधन महागलं होतं, वाढ झाली ती वरच्या मजल्यावर. सप्टेंबर २०१० मध्ये पावाच्या भावावरून मापुतोत दंगल झाली. मग २०१६ मध्ये उघड झालं की सरकारी कंपन्यांनी संसदेला न सांगता दोन अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज उचललं होतं, ट्यूना पकडायच्या बोटी आणि गस्ती जहाजांच्या नावाखाली. देणगीदारांनी हात आखडता घेतला, मेतिकाल कोसळला. ज्या बाईने आयुष्यात ट्यूना खाल्ला नाही, तिच्या मुलाच्या शाळेचे पैसे त्यात गेले. मला याचा आजही संताप येतो.

तुम्ही महाराष्ट्रातून जाताय म्हणून तुरीचं सांगायलाच हवं. जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिकने करार केला: आपण त्यांच्याकडून तूर घेऊ, टप्प्याटप्प्याने वर्षाला २ लाख टनांपर्यंत. आपल्याकडे तेव्हा डाळ भडकली होती. नामपुला, झांबेझियातल्या शेतकऱ्यांनी तूर वाढवली. ते स्वतः तूर फारशी खात नाहीत, ती आपल्यासाठीच. त्याच वर्षी आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं. मराठवाड्यात, विदर्भात खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या, बारदान नाही म्हणून मोजणी थांबली, ते तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. सरकारी करारातला माल वगळला होता, तरी व्यापाऱ्यांनी तिथली खरेदी आखडली आणि गावातला भाव पार कोसळला. लातूरचा शेतकरी आणि नामपुलाचा शेतकरी एकाच वर्षी एकाच पिकाने बुडाले. आपल्या शेतकऱ्याला आधार मिळायलाच हवा होता. मला खुपतं ते हे की तिकडे शेतकऱ्याला एकाच देशावर अवलंबून असलेलं पीक लावायला सांगताना कोणी त्याला ती जोखीम समजावली नव्हती. तुम्ही कुठलंही पीक सुचवाल तेव्हा विचारा: हे कोण घेणार, तो नाही आला तर दुसरा कोण, आणि कोणीच नाही आला तर हे घरात खाता येईल का?

आता तुमचे लोक. काबो देल्गादोत २०१० च्या सुमारास समुद्रात प्रचंड नैसर्गिक वायू सापडला. त्यातल्या एका क्षेत्रात आपल्या भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. मोंतेप्वेझला माणकं सापडली. हाताने खणणाऱ्या स्थानिक तरुणांना तिथून हुसकावलं गेलं, किनाऱ्यावरच्या गावांना वायूप्रकल्पासाठी उठवलं गेलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राइया या किनाऱ्यावरच्या गावात बंडखोरांचा पहिला हल्ला झाला. मार्च २०२१ मध्ये वायूप्रकल्पाजवळचं पाल्मा त्यांच्या हाती पडलं. २०२२ पर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं विस्थापित झाली. धर्माच्या नावाने लढणारे आहेत, पण त्यांना पोरं मिळाली ती डोळ्यांसमोरून संपत्ती जाताना बघणाऱ्या घरांतून. म्हणून तुमचं काम १९९२ च्या कामापेक्षा कठीण आहे. तेव्हा दोन बाजू होत्या आणि दोघांनी सही केली. इथे सही करायला कोणी समोर नाही, आणि लोक परत जातात, पुन्हा पळतात.

अशा वेळी मी पाच वर्षांत फळ देणारी झाडं लावायचा आग्रह आधी धरणार नाही. जो उद्या कुठे असेल हे त्याला ठाऊक नाही, त्याला लवकर येणारं आणि उचलून नेता येणारं हवं: भाजी, कोंबड्या, शिवणयंत्र, सायकल. धान्याच्या पोत्याऐवजी रोख द्या, मात्र आधी बाजारात धान्य पुरेसं येतंय का ते बघा. ज्या गावांनी त्यांना आसरा दिलाय, तीही गरीबच आहेत. मदत फक्त विस्थापितांना दिलीत तर वर्षभरात पाणवठ्यावर भांडणं सुरू होतील. दोघांना मिळून काम मिळेल अशी जागा शोधा. काजू केंद्र ही तशी जागा होऊ शकते, नामपुलात ती अजून काही चालू आहेत. जिथल्या जुन्या झाडांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते तिथे फवारणी करणारी टोळी हेही काम आहे, आणि ते तरुणांना चटकन शिकता येतं. आपल्याकडे ढेकण्या किडीचा त्रास जास्त, तिकडे भुरीचा. दापोलीत शिकलेलं सगळं तसंच्या तसं लागू करू नका.

तुम्ही पोचाल तेव्हा हंगाम सुरू होत असेल. पहिले पंधरा दिवस प्रकल्पाच्या कार्यालयात बसू नका. तीन-चार बाजारांत जा. काटा कोणाचा आहे, बारदान कोण पुरवतं, रोख कुठून येते, गावातला भाव आणि 'नाकाला' या तिथल्या बंदरावरचा भाव यांत किती फरक आहे, पावसात कुठला ओहोळ ट्रक अडवतो, हे एका वहीत लिहा. आधी काटा तपासा: स्वतःकडे एक किलोचं खात्रीचं वजन ठेवा. प्रत्येक ठिकाणची किलोभर बी कापून बघा, गर किती भरतो, किती काळा पडलाय. हा हिशेब शेतकऱ्यासमोरच करा, म्हणजे त्याच्या मालाची खरी किंमत त्यालाही दिसेल. बी कापायचा छोटा कटर आणि वजन इथूनच घेऊन जा. कुडाळच्या बाजारात दोन्ही मिळतील. विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका, खालच्या सामानात टाका.